सांडूकाकांची भिंत

सांडूकाकांच्या दुकानात मालकाची साक्ष चालत नसे. नियम त्यांनीच केलेला होता आणि मालकही तेच होते. दुकान व्हिडिओ गेमचं होतं. पडेगावात, दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पत्र्याची एक खोली आणि तिच्यात कपाटाएवढी दोन लाकडी मशिनं. अशा ठिकाणी साक्षीचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण काम होतं, आणि त्या कामात मी खोटं बोललो. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आता पन्नाशीला आलो आहे. काका गेल्या वर्षी वारले. त्यांच्याविषयी लिहायचं तर ते खोटं वगळून लिहावं असं मनात होतं, दोनदा तसं लिहूनही पाहिलं. दोन्ही वेळा कागदावर भलताच कुणीतरी माणूस उतरला.

काका फुलंब्रीकडचे. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा रुमाल, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्या दिवसांत गाव सोडून शहरात आलेली माणसं वाळूजच्या नाहीतर चिकलठाण्याच्या कारखान्यांत लागत. काकांनी कुठूनशी ही दोन मशिनं टेम्पोत घालून आणली. कुठून आणली, का आणली, मी कधी विचारलं नाही. काही माणसं आपल्याला दिसतात तेव्हापासूनच आहेत, असं त्या वयात वाटतं.

मशिनं त्यांनी बैलांसारखी सांभाळली. सकाळी दुकान उघडलं की आधी मागची फळी काढायची, मऊ ब्रशनं आतली धूळ झटकायची, मग पुढची काच पुसायची. खेळायच्या दांडीवरचा प्लास्टिकचा गोळा एकदा फुटला, तर त्यांनी सुताराकडून सागवानी गोळा करून आणला. तो आमच्या तळहातांचं तेल पिऊन जात्याच्या खुंट्यासारखा गुळगुळीत झाला होता. दुपार तापली की ते मशीनच्या कुशीला तळहात लावून उभे राहत. मिनिटभर डोळे मिटून. मग म्हणत, "बास. सोडा आता. दम लागलाय त्याला." पाळी अर्ध्यात असली तरी संपवू देत, पण नवी सुरू करू देत नसत. अर्धा तास मशीन बंद. एकदा एक मोठा मुलगा चिडून म्हणाला, "काका, लाकडाला काय दम लागतो?" काका म्हणाले, "तुला लागतो का? मग बाहेर पळून ये दोन चकरा. तोवर त्याचाबी उतरतो."

मशीन बिघडलं की शहरातून मजीदभाई नावाचे एक कारागीर येत. पाठीमागून डोकं आत घालून ते ओरडत, "काका, ये मशीन नै, मय्यत है मय्यत. दफना डालो." काका तिथंच बसून त्यांच्यासाठी चहा गाळत म्हणत, "मजीदभाई, मागच्या खेपेलाबी हेच म्हणले तुम्ही. मय्यत उठून बसली की नाय?" आणि ती उठून बसायची.

आम्हा पोरांना काका 'राव' लावत. आठ वर्षांचा असो, चौदाचा असो. "या सुधीरराव." "सरका की दिनकरराव, लोकांना बघू द्या." घरात मला कुणी धड नावानं हाक मारत नव्हतं. आजोबा भिक्षुकी करत, वडील एका कचेरीत कारकून. शहरातली भाड्याची जागा सोडून आम्ही पडेगावच्या नव्या प्लॉटवर राहायला आलो होतो, आणि घरात सदैव सिमेंट, वीट, नळाचा अर्ज यांचीच बोलणी. मी 'अरे ए' होतो. काकांच्या उंबऱ्यावर मात्र सुधीरराव व्हायचो.

खेळांना त्यांनी आपली नावं दिली होती. एकात एक गोल तोंडाचा प्राणी चक्रव्यूहात फिरत ठिपके गिळायचा, त्याला ते 'चक्कर' म्हणत. दुसऱ्यात आकाशातून रांगाच्या रांगा उतरायच्या आणि आपण खालून गोळ्या मारत त्या थोपवायच्या. हा त्यांचा लाडका. त्याचं नाव 'टोळधाड'. "टोळ बघा आले," ते मागून म्हणत, "ज्वारी खातील सगळी. हाणा!" मोठी पोरं सांगत की ती अवकाशयानं आहेत. पण काकांनी टोळ म्हटल्यापासून मला खाली न दिसणारं हिरवं शेत दिसायला लागलं होतं, आणि त्याच्या राखणीला मी उभा होतो.

आजही डोळे मिटले की मला त्या खोलीतली दुपार दिसते. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाचे कवडसे उतरून जमिनीवर सरकत राहायचे. दाराला गोणपाट. एरवी काका ते ओलं ठेवत, दुष्काळाच्या वर्षी कोरडंच लटकत होतं. खेळायला कुणी नसलं की मशीन आपलं आपणच खेळत बसे. पडद्यावर टोळ उतरायचे, कुणी न चालवलेली बंदूक इकडून तिकडे जायची, मरायची, पुन्हा उभी राहायची. निळा उजेड काकांच्या तोंडावर हलत असायचा. ते स्टुलावर बसून ते एकट्याचं खेळणं बघत असत. मी एकदा विचारलं, "काय बघता काका? कुणीच खेळत नाही." म्हणाले, "म्हणूनच बघायलोय. ह्याला हरायचं भ्या नाय. किती निवांत खेळतंय बघा."

दाराशी खिळ्याला दोन पाण्याचे खेळ टांगलेले असत. हिरव्या प्लास्टिकची चपटी डबी, पुढं काच, आत पाणी आणि रंगीत कड्या. खालचं बटण दाबलं की कड्या पाण्यात वर उसळतात आणि त्या काडीवर अडकवायच्या. पाळीची वाट बघणाऱ्या लहान पोरांसाठी ते होते. त्या वर्षी पाणी प्यायलाही मोजून मिळत होतं. जायकवाडीचं पाणी शहराला पुरेना, आमच्या भागात तर नळच आले नव्हते. आठवड्यातून दोनदा टँकर येई. तो नेमका काकांच्या दुकानासमोरच्या लिंबाखाली थांबे, म्हणून सकाळपासून तिथं घागरी, हंडे, तेलाचे डबे यांची रांग लागलेली. माणसं सावलीला आणि भांडी उन्हात. त्या दिवसांत काका रोज सकाळी आपल्या पिण्याच्या माठातून चमचाभर पाणी काढून त्या खेळण्यांत घालत, कारण उन्हानं आतलं पाणी कमी होई आणि कड्या उसळत नसत.

रांगेतल्या एका म्हातारीनं ते पाहिलं. "अवो सांडूभाऊ, माणसाला प्यायला नाय अन् खेळण्याला पाजायलाव व्हय?"

"चमचाच हाय मावशी."

"चमचा का असंना!"

काकांनी डबी काढून तिच्या हातात दिली. "दाबा."

तिनं दाबलं. कड्या उसळल्या. तिनं पुन्हा दाबलं. मग ती रांगेतून बाहेर आली, लिंबाला टेकून बसली आणि टँकर येईपर्यंत दाबत राहिली. परत देताना म्हणाली, "एकबी अडकंना मेली." दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या तांब्यातून चमचाभर पाणी घेऊन आली.

काका मला कधी कधी ती डबी डोळ्यांसमोर धरायला लावत. "ह्यातून बघा रस्त्याकडं." मी बघायचो. दूरचा दौलताबादचा डोंगर, वेरूळला जाणाऱ्या बस, रांगेतल्या बाया, उघडा माळ, सगळं हिरव्या पाण्याखाली गेलेलं दिसायचं. हळूहळू डुलायचं. "आहे की नाय पाणी?" काका म्हणायचे.

आता भिंतीचं सांगतो.

त्या मशिनांना स्मरणशक्ती नव्हती. सर्वात जास्त गुण करणाऱ्याचा आकडा पडद्यावर वर दिसे, पण लाइट गेली की तो पुसला जाई. आणि लाइट रोज जाई. एखाद्यानं जिवाचं रान करून केलेली पराक्रमाची पाळी दुपारी तीनला शून्य. पोरं रडकुंडीला येत. म्हणून काकांनी आतल्या निळसर भिंतीवर गेरूनं नावं लिहायला सुरुवात केली. टोळधाडीचे पहिले दहा. पण कुणीही येऊन काहीही आकडा सांगू लागला, तेव्हा त्यांनी नियम केला. ज्यानं गुण केले त्याच्या शब्दावर लिहायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी बघितलेलं पाहिजे, आणि तो बघणारा दुकानाचा मालक नको. "मी म्हणलं तर उद्या म्हणताल, काका अमक्याच्या बाजूनं हाय," ते म्हणत. "माझं दुकान, माझी भिंत, वर साक्षबी माझीच? नाय जमायचं." मग लाइट जायच्या वेळेला ते गेरूचं बोट घेऊन उभे राहत आणि विचारत, "कोण बघितलं?" ज्यानं बघितलं तो म्हणे, "मी बघितलं काका." तेवढ्यावर नाव चढे. हा प्रश्न ते इतक्या गंभीरपणे विचारत की पोरं एकमेकांशी भांडलेली असली तरी साक्ष खरी देत. मी दिलेली आहे, माझ्या मारामारीतल्या वैऱ्याला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पहिलं नाव माझं होतं. 'सुधीरराव, एकेचाळीस हजार.' येता जाता मी त्यावरून हात फिरवायचो. बोटाला गेरू लागायचा, तो घरी जाईपर्यंत पुसायचो नाही.

संगीता त्या टँकरच्या रांगेतली. माझ्याच वयाची. वडील गवंडी, शहरात तेव्हा चोहीकडे इमारती उठत होत्या तिथं कामाला. आई आजारी, म्हणून पाण्याचं काम हिच्याकडे. दोन हंडे आणि एक डबा रांगेत लावून ती सावलीसाठी दाराशी उभी राहायची. काकांनी रांगेतल्या माणसांना टँकर येईपर्यंत एक पाळी मोफत ठेवली होती. मोठी माणसं हसून नको म्हणत. ती म्हणाली, "मी खेळू?"

"खेळा की संगीताबाई."

आम्ही पोरं खेळताना बटण बडवत सुटायचो. एक पाळी गेली तर दुसरी. तिला एकच मिळायची, आठवड्यातून दोनदा, आणि तिच्यात तीनच जीव. ती घाई करत नसे. बंदूक कोपऱ्यात नेऊन थांबायची, टोळांची रांग वळताना शेवटचा तेवढा टिपायची, पुन्हा थांबायची. काका मागून काही बोलत नसत. "हाणा" तर तिला एकदाही म्हणाले नाहीत. महिनाभरात तिचं नाव भिंतीवर नववं आलं, मग सहावं, मग तिसरं. प्रत्येक वेळी साक्ष कुणीतरी दिली, एकदा मीही.

त्या दुपारी दुकानात आम्ही तिघंच होतो. काका दारात टँकरची वाट बघत पाठमोरे उभे. संगीता खेळत होती आणि मी शेजारी. तिचा दुसरा जीव गेला तेव्हा अडतीस हजार झाले होते. त्यानंतर जे झालं तसं खेळताना मी कुणाला पाहिलं नाही. टोळ इतके खाली आले होते की वाटलं संपलं. ती एकाच फटीत उभी राहून त्यांना टिपत गेली. मी सगळं विसरलो. ओरडायला लागलो, "मार! मार! डावीकडं!" एकेचाळीस हजार मागं पडले, बेचाळीस, त्रेचाळीस हजार सहाशे. आणि लाइट गेली. वेळेच्या आधीच.

पडदा आक्रसून एक पांढरा ठिपका झाला आणि तोही विझला. त्या अंधारात मला आधी आनंदच झालेला होता, हे मी खरं सांगतो. मग भिंतीवरचं माझं नाव आठवलं.

काकांनी दारातून विचारलं, "किती झाले संगीताबाई?"

"त्रेचाळीस हजार सहाशे."

"कोण बघितलं?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं. हाच तर व्हता."

"बघितलं का सुधीरराव?"

"माझं लक्ष बाहेर होतं," मी म्हणालो. "टँकर आला का ते बघत होतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. भांडली नाही. काकांनी एकदा भिंतीकडं बघितलं. मग म्हणाले, "साक्ष नाय तर लिहिता येत नाय, संगीताबाई." तेवढ्यात टँकरचा भोंगा ऐकू आला आणि ती हंड्यांकडं पळाली.

त्या रविवारी तिचे वडील आले. धुतलेला सदरा, केसांना तेल, हाताच्या भेगांत सिमेंट तसंच. संगीता त्यांच्यामागून आली, ओढत आणल्यासारखी. घरी ती बोलून गेली होती की ती सगळ्यांच्या वर गेली. भिंतीचा नियम सांगितला नसावा. वडिलांनी आपलं आपण ठरवून टाकलं की नाव लिहिलेलं असणार, आणि ते बघायला ते सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आले होते. दुकान पोरांनी भरलेलं होतं. त्यांनी भिंतीकडं बघितलं, हसले, आणि सर्वात जवळ होतो तो मी, म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मला वाचता येत नाय बाळा. पहिलं नाव वाच की."

मी वाचलं. "सुधीरराव."

"त्याच्या खालचं?"

मी तेही वाचलं. तिसरं वाचलं तेव्हा तिचं आलं, जुन्या आकड्यासह. त्यांनी हात काढून घेतला आणि लेकीकडं वळले. आवाज चढवला नाही. "संगे, खोटं बोललीस व्हय मला?"

ती जमिनीकडं बघत होती. काका स्टुलावरून उठले. सगळ्यांसमोर त्यांनी मला पुन्हा विचारलं, "सुधीरराव, नीट आठवा. बघितलं व्हतं का?"

मला सुटायला जागा दिली होती, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त वीसेक पोरांचे डोळे दिसत होते.

"नाही," मी म्हणालो.

काकांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा बांधला. मग तिच्या वडिलांना म्हणाले, "मिस्त्री, पोरगी खरं बोलायलीय. मी बघितलंय."

"मग लिहिलं का नाय?"

काकांनी नियम सांगितला. गवंड्यानं सगळं ऐकून घेतलं. "नियम बराय," ते म्हणाले. "पर माझं लेकरू खोटं नाय बोललं ना?"

"नाय."

"झालं तर मग. ते भिंतीचं ऱ्हाऊ द्या."

लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते तिला घेऊन गेले. काकांनी माठातून पाणी काढलं. चमचा नव्हे, भरलेलं डबडं. त्यात फडकं बुडवून ते भिंतीपाशी गेले आणि वरून खाली पुसायला लागले. पोरं ओरडायला लागली, "काका, आमचं काय? आमचं खरं होतं!"

"तुमचं खरं व्हतं रे," ते पाठमोरेच म्हणाले. "पर मालकानं साक्ष दिली. आता ही भिंत कुणाच्या कामाची नाय."

गेरूचं पाणी ओघळून जमिनीवर आलं. मी पायाला लागू नये म्हणून मागं सरकलो.

दुसऱ्या दिवशी मी लांबून दुकानाकडं बघत होतो. त्यांनीच हाक मारली. "या सुधीरराव." आवाज रोजचाच होता. पुढं दोन वर्षं मी तिथं जात राहिलो. त्या गोष्टीचा त्यांनी एक शब्द काढला नाही, भिंतीवर नाव लिहिलं नाही, आणि लाइट जायच्या वेळी गेरू घेऊन उभेही राहिले नाहीत. संगीता रांगेत दिसे, हंड्यांशेजारी उन्हात उभी. आत आली नाही.

मग जे सगळीकडं झालं ते झालं. घराघरांत टीव्हीला जोडायचे खेळ आले. पोरं पांगली. नळ आले. रस्ता रुंद करताना पत्र्याची खोली गेली, लिंबही गेला, आणि काका गावी परतले असं कुणाकडून तरी कळलं. मी शिकलो, वाळूजला नोकरी धरली, लग्न केलं. खुलताबादला, वेरूळला पाहुण्यांना घेऊन त्याच रस्त्यानं कितीदा गेलो असेन. आता तिथं इतकी दुकानं आहेत की जागा नेमकी कोणती, हे मला सांगता येत नाही. प्रत्येक वेळी मनात येई की काकांना शोधून सांगून टाकावं. प्रत्येक वेळी गाडीत कुणीतरी असे.

गेल्या वर्षी फुलंब्रीला एका लग्नाला एकटाच गेलो होतो. पाऊस लांबला होता. नांगरलेली रानं तशीच कोरडी. मी लग्नातून उठलो, विचारत विचारत त्यांच्या वस्तीवर गेलो. ते ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पाय सुजलेले, अनवाणी. मी गाडीतून उतरून चार पावलं चाललो नसेन, तोच म्हणाले, "या सुधीरराव."

मी तिथंच खाली बसलो आणि पाणीसुद्धा न घेता सांगून टाकलं. बघितलं होतं. दोन्ही वेळा खोटं बोललो.

"लई वर्षं लावली," काका म्हणाले. "मला माहीत व्हतं. मी तर दाराकडं तोंड करून व्हतो. तुम्हीच मार मार वरडायला लागला म्हणून वळून बघितलं."

ते रस्त्याकडं बघत होते.

"पर चुकलो मीबी," ते म्हणाले. "तिच्या बापापुढं तुम्हाला विचाराया नको व्हतं. लेकरू एकदा खोटं बोललं की चार माणसांत खरं कसं बोलंल? बाजूला घेऊन विचाराया पाहिजे व्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं ना?"

"सांगितलं असतं," मी म्हणालो. हे खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

"तिला सांगितलं का?"

"नाही."

"मिटमिट्याला हाय ती. शिलाईचं दुकान हाय. माझे सदरे तीच शिवती." आणि ते हात टेकून उठायला लागले. "गाडी हाय ना संगं? चला. सूनबाई, माझे बूट दे गं."

सून बूट घेऊन आली. त्यांनी एक पाय बुटात घातलाही. आणि मी म्हणालो, "आज नको काका. लग्नातून न सांगता आलोय. पुढच्या रविवारी नक्की. तुम्हाला न्यायला येतो."

ते एका पायात बूट घालून थांबले. मग म्हणाले, "बरं. रविवारी."

मी रविवारी गेलो नाही. घरात काम होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही काम होतं. श्रावणात काका गेल्याचं कळलं.

संगीताला मी नंतर सांगितलं. एकटाच गेलो. मशीनवर एक ब्लाउज होता, तिनं शिवण थांबवली नाही. म्हणाली, "मला कशाला सांगता? मी तर तिथंच व्हते." मग दोरा तोडून म्हणाली, "चहा घेता का?" मी घेतला. माफ केलं की नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पण काकांचं जे शेवटचं चित्र माझ्या मनात आहे, ते मी स्वतः पाहिलेलं नाही. मी फक्त एका पायात बूट घातलेले काका पाहिले. तेराव्याला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेनं बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हीच का ते, गाडीवाले?" मी मान हलवली.

"रविवारी पहाटंच उठले मामा," ती म्हणाली. "दाढी केली. संगीताताईनं शिवलेला सदरा घातला. म्हणलं, मामा, भाकरी खाऊन घ्या, तर म्हणले, गाडी येणार हाय, अर्ध्यावर उठावं लागंल. तिथं त्या दगडावर जाऊन बसले, रस्ता दिसतो तिथं. ऊन आलं तसं सावलीला सरकायचे, पर दारात येईनात. शेजारच्यानं विचारलं कुठं निघालाव, तर म्हणले, साक्षीला चाललोय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दिवस मावळला तवा म्या जाऊन बूट काढले. पाय सुजलेले, निघंनात. काढले तर वळ उठलेले सगळीकडं. म्हणलं, लोक असंच बोलतेत, तुम्ही कशाला नादी लागता. तर मला रागवले. म्हणले, तसं नाय, काम निघालं आसंल त्याचं."